लाकडाची नक्षी पत्र्यात कापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गणपतीत आमच्या मखरामागे मी पितळेची जाळी लावली होती. दर्शनाला आलेल्या बऱ्याच जणांनी आधी जाळीला हात लावून पाहिला आणि मग बाप्पाला नमस्कार केला. तेव्हापासून "काकू, हे कसं केलंत?" असा फोन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अर्ध्या ओळखीच्या घरांतून येऊन गेला. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्क्रोल सॉ (बारीक पात्याने नक्षी कापायची टेबलावरची करवत) आहे किंवा घ्यायचं मनात आहे. लाकडासाठीचे पॅटर्न मोबाईलमध्ये भरलेले आहेत आणि तेच पत्र्यात उतरवायचे आहेत. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, धातूकाम कोणी मला शिकवलेलं नाही. खाली जे आहे ते पाती मोडत आणि बोटं चिरून घेत गोळा केलेलं आहे.

लाकडाचा पॅटर्न जसाच्या तसा पत्र्यावर चिकटवून कापला तर नाही का चालणार?

कधी कधी चालतं, पण त्यात नशिबाचा भाग जास्त. लाकडासाठी नक्षी काढणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी असतात: लाकडाची जाडी (बहुधा ३ ते ६ मिलिमीटर) आणि त्याचे तंतू. तंतूंना आडवा गेलेला बारीक भाग चटकन तुटतो, म्हणून तो तिथे रेषा जाड ठेवतो. तंतूंच्या दिशेने जाणारी रेषा मात्र बिनधास्त लांबलचक सोडतो. पत्र्याला असे तंतू नसतात, त्यामुळे तंतूंची काळजी वायाच जाते. पण पत्रा १ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे लाकडात जी लांब वेल ताठ उभी राहायची, ती पत्र्यात हात लागला की वाकते.

लाकूड तुटतं, पत्रा वाकतो. पॅटर्नमधले सगळे बदल या एका फरकातून निघतात.

मी करते ते असं. कागदावर जो भाग शिल्लक राहणार आहे तो पेन्सिलने रंगवायचा. मग नक्षीतल्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून चौकटीपर्यंत रस्ता शोधायचा. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी चौकट गाठता आली तर तो तुकडा पक्का. एकच रस्ता असेल तर तो लोंबतो आहे, आणि लोंबणारा भाग त्याच्या रुंदीच्या चार-पाच पट लांब असेल तर त्याला आणखी एक टेकू द्यायचा. रस्ताच सापडला नाही तर तो तुकडा कापल्यावर जमिनीवर पडणार. कोणी कोणाला धरून ठेवलंय, एवढंच बघायचं. चित्र सुंदर आहे की नाही ते नंतर.

पॅटर्नमधला काळा भाग कापून काढायचा की ठेवायचा?

पॅटर्न काढणाऱ्यांमध्ये यावर एकमत नाही. काही जण कापून टाकायचा भाग काळा किंवा करडा दाखवतात, काही जण शिल्लक राहणारा दाखवतात, तर काही फक्त रेषा देतात आणि बाकीचं तुमच्यावर सोपवतात. करवत सुरू करण्याआधी हे ठरवा. विठ्ठलाची आकृती घ्या. मूर्ती पितळेची ठेवायची असेल तर कमरेवरच्या हातांमागचे दोन त्रिकोण म्हणजे साधी भोकं. पण मूर्तीच्या आकाराचं भोक पाडून मागून दिवा लावायचा असेल, तर तेच दोन त्रिकोण बेटं होतात आणि हातात येतात. मग हाताच्या रेषेत दोन बारीक पूल सोडावे लागतात. नाहीतर विठ्ठलाचे हात कमरेवर आहेत हे कोणाला कळणारच नाही.

हे "पूल" किती रुंद ठेवायचे?

पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी कधीच नाही. शोभेच्या, हात न लागणाऱ्या वस्तूत जाडीच्या दीडपट आणि रोज हाताळायच्या वस्तूत दुप्पट. म्हणजे १ मिलिमीटरच्या पत्र्यात दीड ते दोन मिलिमीटर. सोनार याहून कितीतरी बारीक काम करतात, पण त्यांचा हात बघा आणि आपला बघा.

पूल कुठे द्यायचा हे रुंदीपेक्षा महत्त्वाचं. नवखी मंडळी तो सगळ्यात सोप्या जागी टाकतात, मग मोराच्या मानेतून एक काठी बाहेर आल्यासारखी दिसते. मुळात चित्रात जिथे रेषा असती तिथे द्या: पानाची शीर, दागिन्याची साखळी, शेल्याची घडी. पूल आहे हे बघणाऱ्याला कळलं नाही म्हणजे जमलं.

पत्र्यात शोभतील असे नमुने कुठे मिळतील?

ग्वाल्हेरात राहून हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल आहे. हजिऱ्याला सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे, त्याच आवारात तानसेनची समाधी. तानसेनपाशी डोकं टेकवून लोक परततात, पण मकबऱ्याच्या भिंतीतल्या दगडी जाळ्या उभं राहून बघणारे कमी. सोळाव्या शतकातलं, अकबराच्या काळातलं काम आहे. दगडाला ताण सोसत नाही, म्हणून त्या कारागिरांनी एकही पट्टी लांब आणि एकटी सोडलेली नाही. प्रत्येक पट्टी छोटी, आणि तिची दोन्ही टोकं दुसऱ्या पट्ट्यांत मिळालेली. वर सांगितलेली बोटाची परीक्षा त्या जाळीवर करून बघा, कुठल्याही ठिपक्यापासून चौकटीपर्यंत डझनभर रस्ते सापडतील. अशी भौमितिक जाळी पत्र्यात आणताना काहीच बदलावं लागत नाही, फक्त कागदावर नीट काढावी लागते. सकाळच्या उन्हात आतून फोटो काढा. भोकं उजळ आणि दगड काळा येतो, म्हणजे अर्धा पॅटर्न तयारच.

याउलट माणसांच्या चेहऱ्यांचे जे पॅटर्न फिरत असतात, दोन-दोनशे भोकांचे, ते सुरुवातीला घेऊ नका. प्रत्येक भोकासाठी एकदा ड्रिल, एकदा पातं सोडवणं, ओवणं आणि परत ताणणं. कुठलाही पॅटर्न निवडताना आधी भोकं मोजा. प्लायमध्ये एका दुपारी होणारी नक्षी पितळेत तीन-चार दुपारी खाते, असा माझा हिशेब आहे.

देवनागरीत नावाची पाटी करायची आहे. काही वेगळं?

बरंच वेगळं, आणि बाहेरच्या पॅटर्नवाल्यांकडून याचं उत्तर मिळणार नाही. देवनागरीला शिरोरेषा आहे, म्हणजे अक्षरांना एकत्र धरणारा दांडा आपल्याला फुकट मिळालेला आहे. रोमन अक्षरं सुटी पडतात, त्यांना खालून पट्टी जोडावी लागते. आपलं नाव एका ओळीत लटकून राहतं.

पण त्यात तीन खोडे आहेत. पहिला अनुस्वाराचा. टिंब शिरोरेषेला टेकत नाही, त्यामुळे ते खाली पडतं. ते थोडं खाली ओढून रेषेत बुडवा किंवा बारीक देठ द्या. दुसरा खोडा ग, ण, श या अक्षरांचा. त्यांचा उभा दंड फक्त वरून लटकतो. पाटी मोठी असेल तर तो पुसताना वाकतो, म्हणून मी खालून एक पातळ पट्टी सगळ्या अक्षरांच्या पायाशी फिरवते. ती उकारांच्या आड येते, तेव्हा उकार पट्टीतून खाली उतरू द्यायचे.

तिसरा खोडा मला महागात पडला. ध आणि भ या अक्षरांवर शिरोरेषा तुटते. दिवाळीला दाराशी लावायला "शुभ लाभ" कापायला घेतलं, तर दोन्ही शब्दांत भ आपल्या शेजाऱ्यापासून सुटा. मी हुशारी केली आणि शिरोरेषा सलग ओढून टाकली. कापलं, घासलं, चकचकीत केलं, दाराला लावलं. धाकट्या जावेने उंबऱ्यातच वाचलं: "शुम लाम?" भ वर रेषा सलग केली की त्याचा म होतो, ध चा घ होतो. यावर उपाय म्हणजे खालची पायपट्टी, किंवा भ चा मधला बाक शेजारच्या अक्षराच्या दंडाला हळूच चिकटवणं. शिरोरेषेला हात लावायचा नाही. ती पाटी अजून माळ्यावर आहे.

अक्षरांच्या आकाराची भोकं पाडायची असतील तर प्रश्न उलटा होतो. तेव्हा व, ब, प, म यांच्या पोटातले तुकडे गळतात. त्यासाठी पोटाला दोन बाजूंनी पूल द्या, एक पूल दिलात तर तुकडा दारासारखा फिरतो.

पॅटर्न लहान करून कापला तर?

निम्मा केला की पूलही निम्मे होतात आणि भोकंही. लाकडातला ३ मिलिमीटरचा पूल दीड मिलिमीटर होतो, तो पत्र्यात चालून जातो. भोकांचं मात्र अवघड होतं, कारण पातं ओवायला निदान ०.८ ते १ मिलिमीटरचं ड्रिल जावं लागतं. दीड मिलिमीटरपेक्षा लहान झालेली थेंबाची, पानाची भोकं करवतीने कापायच्या नादी लागू नका. त्यांच्या जागी सरळ गोल भोक पाडा. गणपतीचे डोळे मी नेहमी ड्रिलनेच करते.

मोठा करताना उलट चूक होते. लोंबणाऱ्या भागांची लांबी वाढते, पत्रा मात्र तेवढाच जाड राहतो. दुप्पट केलात तर टेकूंची परीक्षा पुन्हा घ्या.

आणखी एक. पॅटर्नमधली छापील रेषा बऱ्याचदा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असते. लाकडात रेषेवरून पातं नेलं की काम झालं, कारण लाकडाचं पातंच त्याच्या जवळपास जाड. धातूचं पातं त्याहून बारीक असतं, तेव्हा रेषेच्या कुठल्या कडेने जायचं ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तीच कड धरा. लाकडात पानाच्या शिरा एका कापात दाखवतात. पत्र्यात तो काप केसासारखा दिसतो, दोन हातांवरून दिसतही नाही. तिथे दोन समांतर काप घेऊन मधली चिंधी काढावी लागते.

कुठला धातू घ्यावा? किती जाड?

पितळ. पहिल्यांदा करणार असाल तर दुसरा विचारच नको. ते खुसखुशीत कापलं जातं, पात्याला चिकटत नाही, आणि घासल्यावर देवघरात शोभतं. तांबं चिवट आहे, पातं धरून ठेवतं. ॲल्युमिनियम मऊ आणि स्वस्त, पण त्याचा चुरा दातांत भरतो आणि पातं नुसतं घासत बसतं. साधा लोखंडी पत्रा सावकाश कापता येतो. स्टेनलेस स्टीलच्या वाटेला जाऊ नका. पातं जरा घासलं की ते तिथल्या तिथे कडक होतं आणि मग पुढे जाऊच देत नाही.

दुकानात नरम पत्रा आणि कडक पत्रा असे दोन्ही मिळतात. वाकवायचं काम असेल तर नरम, जाळी कापायची तर थोडा कडक. नरम पत्रा करवतीखाली लाटेसारखा हलतो.

जाडी सांगताना आपल्याकडे गेज चालतो आणि इथे एक गफलत होते. आपल्या बाजारात धरतात तो गेज ब्रिटिश वळणाचा: १८ गेज म्हणजे १.२२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. अमेरिकन पॅटर्नवर २० गेज पितळ लिहिलेलं असतं ते त्यांच्या मापाने ०.८१ असतं. लोहिया बाजारात जाऊन "बीस गेज" म्हणालात तर वेगळाच पत्रा हातात पडेल. म्हणून मिलिमीटरमध्ये बोला आणि जमलं तर कॅलिपर खिशात ठेवा. भिंतीवरच्या वस्तूला मी ०.९ किंवा १.२ घेते.

वजनाचाही विचार करा. एक फूट चौरसाचा, १ मिलिमीटर जाड पितळी पत्रा पाऊण किलोच्या पुढे जातो. ॲल्युमिनियम तेवढंच घेतलं तर पाव किलो. पितळ किलोवर विकतात, त्यामुळे नक्षीत जो भाग कापून फेकणार आहात त्याचेही पैसे मोजलेले असतात. मी सगळा चुरा आणि तुकडे डब्यात साठवते आणि भंगारवाल्याला देते.

सरावासाठी स्वस्त काही?

बोर्ड बनवणाऱ्यांकडे ॲल्युमिनियम कंपोझिट शीटचे तुकडे पडलेले असतात. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि मध्ये प्लास्टिक. मागितले तर फुकटही देतात. मशीन अगदी मंद चालवायची, नाहीतर मधलं प्लास्टिक वितळून पात्यामागे काप पुन्हा जोडला जातो. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं मी कापलंच नव्हतं.

माझ्या मशीनवर होईल का?

दोन गोष्टी बघा. एक, वेग कमीजास्त करता येतो का? मिनिटाला ४०० ते ६०० फेऱ्यांवर धातू कापावा. काही स्वस्त मशिनींना एकच वेग असतो, हजाराच्या वर. त्यावर पातं तापतं आणि मोडतं. दोन, बिनपिनेचं (टोकाला आडवी पिन नसलेलं) पातं बसतं का? धातूची बारीक पाती साध्या टोकांची असतात. फक्त पिनवाली पाती घेणारी मशीन असेल तर ती लाकडालाच ठेवा.

मशीन नसेल तर हाताची सोनाराची करवत आणि टेबलाला जखडलेली, पुढे व्ही आकाराची खाच असलेली फळी. एवढ्यावर लोकांनी पिढ्यान्पिढ्या कामं केली आहेत. मर्यादा एकच: फ्रेमच्या खोलीएवढंच आत पोचता येतं. मोठी जाळी त्यावर होत नाही.

पातं कुठलं?

सोनाराच्या करवतीची पाती, १३० मिलिमीटर लांब. ती स्क्रोल सॉमध्येही बसतात. सराफ्यात सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडे डझनावर मिळतात. नंबर जितके शून्यांचे जास्त, पातं तितकं बारीक: २/० पेक्षा ४/० बारीक, ८/० त्याहून. उलट १, २, ३ असे चढत गेलात की जाड.

नियम जुनाच आहे: पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात असावेत, तीन असले तर उत्तम. २/० च्या पात्याला इंचाला साधारण ५६ दात, म्हणजे दोन दातांत ०.४५ मिलिमीटर अंतर. ०.९ च्या पत्र्याला बरोबर दोन दात मिळतात, १.२ ला अडीचच्या पुढे. ०.५६ चा पत्रा याच पात्याने कापायला गेलात तर तो दोन दातांच्या मध्ये अडकतो आणि मशीन पत्रा उचलून आपटते. तिथे ६/० किंवा ८/० लागतं, नाहीतर खाली-वर प्लाय लावावा लागतो. लाकडाची उलट दातांची पाती (खालचे काही दात वर तोंड केलेली) इथे वापरू नका. दात खाली तोंड करून, एवढं लक्षात ठेवा.

प्लाय लावायचा म्हणजे नक्की काय?

पत्र्याचं सँडविच. खाली ३ मिलिमीटरचा प्लाय, मध्ये पत्रा, वर आणखी एक प्लाय किंवा जाड पुठ्ठा, आणि त्यावर पॅटर्न. खालच्या प्लायमुळे पत्रा मशीनच्या फटीत दबत नाही आणि खालच्या कडेला बर (कापल्यावर उभा राहणारा धारदार काठ) कमी येते. वरचा प्लाय पत्र्याला उसळू देत नाही. वरचा प्लाय वगळला तर चालेल, खालचा कधीच वगळू नका.

बांधायला मी कापून टाकायच्या भागांतून बारीक स्क्रू घालते आणि कडेने मास्किंग टेप गुंडाळते. दुहेरी टेपवर एकट्यावर भरवसा ठेवला होता, तर पितळ तापलं आणि टेप ढिली होऊन जाळी आतल्या आत अर्धा मिलिमीटर सरकली. कळलं ते शेवटी, उघडल्यावर.

दोन पत्रे एकदम कापता येतात का, हेही लोक विचारतात. ०.५ चे दोन, हो. १ चे दोन म्हणजे २ मिलिमीटर पितळ, त्याला जाड पातं आणि भरपूर संयम लागतो. त्यापेक्षा दोनदा कापा.

कागद पत्र्यावर टिकत नाही, सुटतो.

पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं. साबणाने धुवा, कोरडा करा, बारीक पॉलिश पेपरने हलके घासा. मग आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने कागद. काम झाल्यावर टेप ओढली की सगळं निघतं. फेविकॉल थेट पत्र्यावर लावू नका, खरवडण्यात संध्याकाळ जाते.

जुनी रीत याहून पक्की आहे. पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, कार्बनने नक्षी उतरवायची आणि सुईने रेषा कोरून घ्यायची. पुढे तेल लागो, मेण लागो, कोरलेली रेषा पुसली जात नाही. नाजूक कामाला मी अजून हेच करते.

भोकं पाडताना ड्रिल घसरतं.

पंचाने आधी खळगा पाडा. आणि पत्रा फळीवर क्लॅम्पने जखडल्याशिवाय ड्रिलखाली धरू नका. बिट पत्र्याला आरपार जाताना त्यात अडकतं आणि पत्रा पंख्यासारखा गरकन फिरतो. माझ्या डाव्या तळहातावरची खूण त्याचीच. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, ते बिटात गुंडाळले जातात. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले आणि डोळ्यांवर चष्मा, हे सगळं मशीनचं बटण दाबायच्या आधी.

भोक नेहमी टाकाऊ भागात, पण रेषेच्या जवळ. लाकडात भोक मध्यभागी पाडून तिथून रेषेपर्यंत कापत गेलं तरी मिनिटाचं काम. पितळेत ते दोन सेंटिमीटर फुकट कापायला जीवावर येतं.

तेल घालायचं का?

मेण. साधी मेणबत्ती पात्याच्या मागून हलकी टेकवायची, दर इंच-दोन इंच कापल्यावर. तेल प्लायमध्ये झिरपतं, टेप सोडवतं, कागद पारदर्शक करतं. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगलं म्हणतात आणि ते खरंही आहे, पण बंद खोलीत, चालू मोटरशेजारी रॉकेलची बाटली मला नको.

कापायचा क्रम काय?

मधून बाहेर. आतली छोटी भोकं आधी, मोठी नंतर, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. मोठी भोकं आधी केलीत तर पत्र्यातला जीव जातो आणि छोटी कापताना सगळं थरथरतं. टोकदार कोपऱ्यात पातं जागच्या जागी फिरवायचं असेल तर पुढे ढकलणं थांबवा, मशीन चालू ठेवा आणि पत्रा हळूहळू फिरवा. तरीही अडलं तर कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून ठेवा.

पाती सारखी मोडतात.

मोडणारच. सुरुवातीला एका जाळीला डझन धरा. पण फारच मोडत असतील तर कारण बहुधा चारांपैकी एक असतं: ढकलताय फार, वेग फार, ताण कमी, किंवा पात्याला बाजूने रेटताय. ताणलेलं पातं नखाने छेडलं की स्वच्छ "टिंग" असा सूर यायला हवा. तंबोरा जुळवणाऱ्यांच्या गावात हे वेगळं सांगायला नको.

एक युक्ती: पात्याचे मधले काही मिलिमीटरच झिजतात, वरचे-खालचे दात कोरेच राहतात. मशीनच्या टेबलावर १२ मिलिमीटरचा प्लाय ठेवून उंची बदला, त्याच पात्याने आणखी काम होतं.

टेबल तिरकं करून करतात ती जडणी पत्र्यात जमेल का?

नाही. त्यात दोन लाकडं एकावर एक ठेवून तिरकी कापतात, म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसतो. त्या युक्तीला जाडी लागते.

मग लाकडात पितळेचा तुकडा जडवायचा असेल तर?

दोघांना वेगवेगळं कापून बसवायचं, आणि घट्ट ठोकून नाही. ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि मेमध्ये ४५ च्या वर जातो. ३० सेंटिमीटर लांबीची पितळी पट्टी एवढ्या फरकात पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. लाकूड उष्णतेने फारसं हलत नाही, ते पावसाळ्यात ओलाव्याने फुगतं, तेही आडव्या अंगाने. दोघं दोन वेगळ्या ऋतूंत फुगतात, म्हणून मध्ये कागदाएवढी फट ठेवा आणि कडक चिकटवण्याऐवजी थोडं लवचिक काही वापरा. लहान तुकड्याला, पाच-सात सेंटिमीटरपर्यंत, एवढा विचार नको.

कापून झालं, आता?

मागच्या कडेला बर उभी असते, तिने बोट सहज चिरतं. बारीक कानशींचा संच घ्या आणि प्रत्येक भोकात आतून फिरवा. कंटाळवाणं आहे, पण जाळी बघणाऱ्याला फरक इथेच दिसतो. लाकडाच्या पॅटर्नमध्ये पानांना, ज्वाळांना सुईसारखी टोकं असतात. पत्र्यात ती थोडी गोल करा, विशेषतः तोरण दाराला डोक्याच्या उंचीवर लावणार असाल तर.

पितळ चिंचेने उजळतं, हे कोणाला सांगायचं? मात्र जाळीत चिंचेचा कण अडकून राहिला तर तिथे हिरवं धरतं, म्हणून भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं करा. दर महिन्याला घासायचं नसेल तर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) हात द्या.

टांगताना भिंतीला चिकटवू नका. लाकडी नक्षीला स्वतःची जाडी असते, तिची सावली कडेवर पडते. पत्रा भिंतीला टेकला की छापील कागदासारखा सपाट दिसतो. मागे सेंटिमीटरभर उंचीच्या नळ्या घालून भिंतीपासून सुटा ठेवा. निम्मी नक्षी मग सावलीच काढते.

लेझरवर का नाही कापून घ्यायचं?

जरूर घ्या. वीस सारख्या पाट्या हव्या असतील तर मीही तेच सांगेन. फक्त ॲक्रिलिक आणि प्लाय कापणारं साधं सीओटू लेझर पितळ कापत नाही, किरण परावर्तित होतो. फायबर लेझरवाला शोधा. त्याला मोबाईलमधलं चित्र चालत नाही, रेषांची फाईल लागते: प्रत्येक भोक बंद रेषेचं आणि एकावर एक दोन रेषा आलेल्या नकोत, नाहीतर मशीन तिथून दोनदा जाते. आणि टेकूंची परीक्षा तिथेही लागू. लेझरने कापलं तरी लोंबणारी वेल लोंबणारच.

पॅटर्न इंटरनेटवरून घेतला, कापून विकला तर?

पॅटर्न फुकट मिळाला म्हणजे विकायची परवानगी मिळाली असं नाही. घरासाठी कापणं वेगळं, मेळ्यात टेबल मांडणं वेगळं. काढणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचा, काहीच लिहिलं नसेल तर विचारा. बरेच जण आनंदाने हो म्हणतात. मकबऱ्याच्या जाळीवरून स्वतः काढलंत तर कोणालाच विचारावं लागत नाही.

आजीची जुनी पितळेची परात आहे. तिचा पत्रा वापरू का?

परात ठोकून घडवलेली असते, सगळीकडे सारखी जाड नसते. सपाट करायला गेलात तर चिरते, आणि आतून कल्हई असेल तर तिचा थर घासून काढावा लागतो. हे झालं तांत्रिक उत्तर. आजवर दोघीजणी परात घेऊन आल्या. दोघींना चहा पाजला, परात त्यांच्या पिशवीत परत ठेवली आणि लोहिया बाजारातला पितळेच्या पत्र्याचा दुकानदार कुठे बसतो ते सांगितलं.